सामंतांनी काढून नेलेले दिवे

विनायक सामंत कोणाच्याही घरात शिरले की आधी वर बघायचे. घरातली माणसं 'या, बसा' म्हणत असायची आणि यांची मान छताकडे. मग डोळे किलकिले करून ते एखादा दिवा बंद करायला सांगायचे आणि त्यानंतर कुठे बसायचं ते ठरवायचे. दिव्याच्या बरोबर खाली ते कधी बसत नसत. घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला, उन्हाळ्यातसुद्धा पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि अर्धा चहा कपात तसाच ठेवायची सवय. शैलाताई, म्हणजे त्यांची बायको, त्यांच्यासाठी अर्धाच कप भरू लागल्या, तर ते त्यातलाही अर्धा ठेवू लागले.

आम्ही दुबईपासून तासाभरावरच्या उम्म अल कुवैनला राहायला गेलो ते मंदीच्या पहिल्या वर्षात. माझा नवरा सुहास दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका ॲल्युमिनियमच्या फॅक्टरीत होता. नोकरी राहिली, पण पगार कापला गेला आणि दुबईचं भाडं परवडेना. खाडीजवळच्या एका जुन्या बिल्डिंगमध्ये स्वस्तात जागा मिळाली. समोरच्या दारावर मराठीत 'सामंत' अशी पाटी बघून मला इतकं बरं वाटलं की सामान लावायच्या आधी मी तिथे पाणी मागायला गेले.

तेही आमच्यासारखेच दुबईहून मागे सरकत तिथे आले होते. सामंत इलेक्ट्रिकल इंजिनियर. मोठमोठ्या टॉवरमध्ये कुठे कसला उजेड हवा हे ठरवणाऱ्या ऑफिसात ते बारा-पंधरा वर्षं होते. मंदीत ते ऑफिस बंद पडलं. एकदा आम्ही सगळे एकाच गाडीतून दुबईला चाललो होतो. दिवस मावळतीला आला होता. एका अर्धवट बांधलेल्या टॉवरजवळ त्यांनी सुहासला गाडी जरा हळू घ्यायला सांगितली. क्रेन तशीच वर थांबलेली होती आणि मजल्यांच्या जागी नुसते काळे चौकोन.

"तिथे खाली लॉबी आहे," सामंत म्हणाले. "एक लांबच्या लांब भिंत. त्या भिंतीवरून पाणी उतरावं तसा उजेड खाली उतरणार होता. दिवा कुठे आहे ते कोणाला दिसलं नसतं."

"होईल हो सुरू काम," सुहास म्हणाला. "इन्शाल्ला."

"नाही. खलास आहे ते."

हा शब्द तिकडे लोक हात झटकून, आवाज चढवून म्हणतात. सामंत तो अगदी हळू म्हणायचे, झोपलेल्या माणसाच्या खोलीत म्हणावा तसा.

त्या काळात ते घरीच असत. नोकरी शोधत होते, आणि व्हिसा संपायच्या आत ती मिळणं भाग होतं. मुलगी ईशा शाळेत, शैलाताई मुलांच्या शिकवण्या घेत. अशातच माझ्या सासूबाई सांगलीहून आल्या. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. पहिल्याच आठवड्यात त्या बाथरूमच्या वाटेवर पडल्या. सुहासने ताबडतोब पॅसेजमध्ये भलीमोठी ट्यूब आणून लावली, तर त्या म्हणाल्या, आता तर काहीच दिसत नाही, नुसतं डोळ्यांवर येतं.

मी सामंतांना विचारलं, "भावजी, कुठला दिवा आणू?"

त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. "आधी सांगा वहिनी, तिथे त्या करतात काय?"

नुसतं सांगून त्यांचं समाधान झालं नाही. सासूबाईंच्या खोलीत येऊन म्हणाले, "आई, जरा सरकता का?" आणि त्यांच्या कॉटवर त्यांच्या शेजारी चक्क आडवे झाले. उशीवर डोकं टेकून दाराकडे बघत राहिले, मग उठून सासूबाईंच्या चालीने भिंतीला हात लावत बाथरूमपर्यंत गेले. सासूबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. सामंतांनी ती ट्यूब काढायला लावली आणि पॅसेजमध्ये कपाटाच्या मागे, जमिनीपासून वीतभर उंचीवर एक बारीक पिवळा दिवा लावून दिला. "उजेड माणसाच्या अंगावर येता कामा नये," ते म्हणाले. "जिथे पाऊल पडणार तिथे पडला पाहिजे." सासूबाई परत पडल्या नाहीत.

पुढे सामंतांना जवळच्या हमरिया फ्री झोनमध्ये, कारखान्यांच्या वसाहतीत, नोकरी लागली. तिथे एक लहानशी कंपनी होती, चीनमधून सुटे भाग आणून एलईडीचे बल्ब जोडून विकणारी. मालकाला सगळे शेठ म्हणत. सामंतांच्या आधीच्या कामापुढे हे फारच खालचं काम होतं, पण ते कुरकुरले नाहीत. तयार माल तपासायचा, विजेच्या दाबावर ठेवून बघायचा आणि ठीक असला तर सही करायची. त्यांच्या सहीशिवाय खोकी बाहेर जात नसत.

तेव्हा एलईडी नवीनच होते आणि आम्हा सगळ्यांचा गोंधळ होता. कोणी म्हणे डोळे जातात, कोणी म्हणे जन्मभर बदलावा लागत नाही. सामंत आमच्या मराठी मंडळींचे हक्काचे सल्लागार झाले. शुक्रवारी, म्हणजे तिकडच्या सुट्टीच्या दिवशी, कोणी ना कोणी खोकं घेऊन त्यांच्या दारात उभं असायचं. ते म्हणायचे, वॉट विसरा आता, खोक्यावर ल्युमेन, म्हणजे उजेड, किती लिहिलाय ते बघा. मोबाईलचा कॅमेरा दिव्यासमोर धरा, पडद्यावर पट्टे सरकताना दिसले तर तो दिवा मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावर लावू नका. झोपायच्या खोलीत पिवळा, ओट्यावर पांढरा, पण निळसर पांढरा नको. आणि जेवणाच्या टेबलासाठी त्यांची एक परीक्षा होती. ताटात भात आणि वरण वाढायचं आणि दिवा लावायचा. वरण वरणासारखं दिसलं तर दिवा घ्यायचा, राखेसारखं दिसलं तर परत करायचा. एका गृहस्थांनी खरंच दुकानात वरणाचा डबा नेला होता, आणि सामंतांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

त्या वर्षीच्या दिवाळीत त्यांनी ओळखीच्या प्रत्येक घरी कंपनीतले बल्ब भेट दिले. मिठाई नाही, फराळ नाही, बल्ब. ते नुसते देऊन गेले नाहीत. शिडी घेऊन आले आणि कुठला कुठे लावायचा ते ठरवून स्वतः लावून दिले. खूप दिवसांनी मी त्यांना इतकं बोलताना ऐकलं. त्या बल्बना खालच्या अंगाला ॲल्युमिनियमच्या उभ्या पात्या होत्या, आतली उष्णता बाहेर टाकायला. हातात घेतला की वजन जाणवायचं. ते म्हणायचे, "बघा, पोकळ नाही."

मंगल साळवीकडे लावायला गेले तेव्हा मीही होते. मंगल आणि तिचा नवरा दत्ताराम मूळचे चिपळूणचे. इंडस्ट्रियल एरियाच्या कडेला एका जुन्या बैठ्या घरात राहून ते डबे करायचे. मंगल पहाटेपासून रांधायची आणि दत्ताराम व्हॅनमधून डबे पोचवायचा. आमच्या भागातल्या कितीतरी एकट्या माणसांची जेवणं तिच्यावर होती. मंदीत काहींच्या नोकऱ्या गेल्या तरी तिने त्यांचे डबे थांबवले नाहीत. सामंतांनी तिच्या ओट्यावर, जिथे ती मासळी साफ करायची, बरोबर तिथे दिवा लावला. मंगलने सुरमईचा एक तुकडा त्याखाली धरून बघितला.

"काका, आता मासेवाला मला फसवायचा नाही," ती म्हणाली.

सामंत हसले. त्या संध्याकाळी तिने दिलेला चहा ते पूर्ण प्यायले होते, असं शैलाताई मागाहून मला म्हणाल्या.

नवीन वर्ष लागल्यावर सामंत गप्प झाले. शुक्रवारी लोक आले की शैलाताईच दारातून सांगायच्या, झोपलेत. कारण आम्हाला तेव्हा कळलं नाही. पुढे कळलं ते त्यांच्याच तोंडून.

बल्बच्या पोटात एक लहान सर्किट असतं आणि बाहेरचं अंग धातूचं. दोघांच्या मध्ये प्लास्टिकची एक पातळ वाटी असते, वीज धातूत उतरू नये म्हणून. दिवाळीनंतर एके दिवशी एक बल्ब तपासताना त्यांच्या बोटांना झिणझिण्या आल्या. त्यांनी तो फोडला. आत वाटी नव्हती. दुसरा फोडला, त्यातही नव्हती. स्वस्त पडावं म्हणून शेठने भाग पाठवणाऱ्यालाच तसं सांगितलं होतं.

सामंत त्याच्या केबिनमध्ये गेले. शेठ म्हणाला, "सामंतजी, बल्ब को कोई हाथ लगाता है क्या? वो तो ऊपर लटकता है. आप साइन कीजिए, अगले माल में देख लेंगे."

"शेठ, किसी को करंट लगेगा."

"इन्शाल्ला कुछ नहीं होगा. और आपका व्हिसा भी तो रिन्यू करना है इस महीने. बेटी की बारहवीं है ना?"

सामंतांनी सही केली. पुढच्या मालावरही केली. दिवाळीत वाटलेले बल्ब आधीच्या, चांगल्या मालातले होते अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. ते तपासायचं तर एखाद्या घरी जाऊन बल्ब उतरवून फोडावा लागला असता, आणि कशाला ते सांगावं लागलं असतं. म्हणून ते कोणाच्याच घरी जाईनासे झाले.

उन्हाळा सुरू होत होता. दत्ताराम दुपारचे डबे व्हॅनमध्ये भरत होता. मंगलने नुकतीच फरशी धुतली होती. ओट्यावरचा दिवा लुकलुकायला लागला म्हणून ती अनवाणी स्टीलच्या स्टुलावर चढली आणि ओल्या हाताने त्याला पीळ द्यायला गेली. घर जुनं, करंट लागताच वीज तोडणारं बटण तिथे नव्हतं. दत्ताराम झाकणं विसरली म्हणून आत आला तेव्हा ती खाली पडलेली होती. हॉस्पिटलमध्ये नेलं, पण काही उरलं नव्हतं.

पोलिस आले, बघून गेले. ओला हात, ओली फरशी, जुनी वायरिंग, अपघात. आम्हालाही तसंच वाटलं. हळहळत होतो, पण कोणाचा दोष काढावा असं काही दिसत नव्हतं.

सामंत अंत्यसंस्काराला आले होते. सगळ्यांच्या मागे, भिंतीला टेकून उभे होते. दुसऱ्या दिवशी ते दत्तारामच्या घरी गेले आणि कोणाला काही न विचारता तो बल्ब उतरवून घेऊन गेले. घरी येऊन त्यांनी तो फोडला. शैलाताई म्हणाल्या, फोडल्यावर ते तसेच खाली फरशीवर बसले आणि जेवायला हाक मारली तरी उठले नाहीत.

त्यानंतर ते शिडी आणि एक मोठी कापडी पिशवी घेऊन घरोघर फिरू लागले. कामावरून सुटले की थेट. आमच्याकडे आले तेव्हा मी पोळ्या करत होते. ते आत आले आणि पहिल्यांदाच वर न बघता माझ्याकडे बघत बोलले.

"वहिनी, दिवाळीत मी दिलेले बल्ब काढायला आलोय. ते धोक्याचे आहेत. मंगल त्यानेच गेली. मला आधी कळलं होतं, मी बोललो नाही."

मला गॅस बारीक करायचंही सुचलं नाही, तव्यावरची पोळी करपली. त्यांनी मेन स्विच बंद केला, शिडी लावली आणि एकेक बल्ब उतरवून वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत ठेवला. त्या जागी दुकानातून आणलेले दुसरे लावले. प्रत्येक घरी ते हीच तीन-चार वाक्यं बोलले. काहींनी ऐकून घेतलं. एका घरी त्यांना दारातच उभं करून एका बाईंनी वाट्टेल ते सुनावलं. ते ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. पण आधी मला दिवे काढू द्या."

जिन्यात ईशाने त्यांना गाठलं. मी दारातच होते.

"बाबा, प्लीज स्टॉप. एव्हरीवन इज टॉकिंग. माझ्या क्लासमध्येपण कळलंय."

"कळू दे."

"दे विल पुट यू इन जेल. डू यू इव्हन गेट दॅट?"

"हो," ते म्हणाले आणि शिडी खांद्यावर घेऊन वरच्या मजल्यावर गेले. ती पायरीवर बसून राहिली. मी जवळ गेले तर म्हणाली, "आय डोन्ट वॉन्ट टू टॉक, आंटी."

दत्तारामकडे ते गेले त्या शुक्रवारी मी तिथे स्वयंपाकघरात होते. आम्ही बायका पाळीपाळीने त्याच्याकडे जेवण नेत होतो. सामंत चपला हातात धरून दाराशी उभे राहिले. दत्ताराम गादीवर बसला होता.

"या काका. बसा ना."

"मी बसत नाही. मला तुला सांगायचंय." आणि त्यांनी सगळं सांगितलं. वाटीचं, सहीचं, शेठचं. आवाज एकसारखा होता, मध्ये कुठे थांबले नाहीत.

दत्तारामने मान वर केली. मग त्याने विचारलं, "म्हणजे तुम्ही येऊन एकदा सांगितलं असतं, तर आम्ही तो काढला असता?"

"हो."

"फोन केला असता तरी?"

"हो."

"मग का नाही केला?"

"नोकरी जाईल म्हणून. ईशाची बारावी होती."

"मंगल तिच्यासाठी परीक्षेला दही-साखर घेऊन आली होती," दत्ताराम म्हणाला. "माहीत आहे ना तुम्हाला?"

सामंतांनी मान हलवली. दत्ताराम उठला, आतल्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. सामंत उभेच राहिले. शेवटी मीच जाऊन म्हटलं, "भावजी, आता जा तुम्ही."

दुसऱ्या दिवशी ते पोलिस स्टेशनला गेले. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. उलट सुहासने, आमच्या मराठी मंडळातल्या चार जाणत्या माणसांनी समजावलं की अपघात म्हणून नोंद झाली आहे, मिटलंय, तुम्ही गेल्याने ती परत येणार नाही. ते म्हणाले, "दुकानात अजून तोच माल आहे." त्यांनी पिशवीतले बल्ब तिथे टेबलावर ठेवले आणि मालाच्या कागदांवरची आपली सही दाखवली. चौकशी झाली, गोदामाला कुलूप लागलं, दुकानांतला माल उचलला गेला. शेठ मात्र त्याआधीच देश सोडून गेला होता. उरले सही करणारे सामंत. त्यांचा पासपोर्ट जमा झाला आणि पुढे त्यांना आत जावं लागलं.

मंडळात त्यावरून दोन तट पडले. एक म्हणत, बरं झालं, माणूस मेलंय. दुसरे म्हणत, वेडा माणूस, आपण होऊन गळ्यात दोर घातला. दोन्ही बाजूंची माणसं शैलाताई दिसल्या की विषय बदलत. त्यांनी शिकवण्या चालू ठेवायचा प्रयत्न केला, पण हळूहळू मुलं येईनाशी झाली. ईशाचा बारावीचा निकाल लागल्यावर त्या दोघी डोंबिवलीला, शैलाताईंच्या भावाकडे निघून गेल्या. जाताना शैलाताईंनी मला डब्यातले मसाले, डाळी, सगळं दिलं. त्या म्हणाल्या, "मला त्यांचा राग कशाचा येतो तेच कळत नाही. गप्प बसले त्याचा, की बोलले त्याचा." मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्यांनी तो अलगद बाजूला केला आणि बॅगेची चेन लावली.

सुहास त्यांना तुरुंगात भेटून यायचा. म्हणायचा, केस पिकले, पण तब्येत बरी आहे. एकदा त्यांनी सुहासला विचारलं होतं, दत्तारामचे डबे चालू आहेत का. चालू होते. त्याने एक स्वयंपाकी ठेवला होता, पण चव गेली ती गेलीच.

काही महिन्यांनी दत्ताराम कोर्टात गेला आणि आपली या माणसाविरुद्ध तक्रार नाही असं लिहून देऊन आला. तिकडच्या कायद्यात मेलेल्याच्या माणसांनी माफ केलं की शिक्षा कमी होते. त्याने असं का केलं हे आम्ही त्याला विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, "त्यांना आत ठेवून मी काय करू?"

सामंत सुटले आणि पासपोर्ट हातात मिळताच निघायचं ठरलं. शेवटचे चार दिवस ते आमच्याकडेच होते. सासूबाई तोवर सांगलीला परतल्या होत्या; दिवसभर त्यांच्या रिकाम्या खोलीत पडून असायचे, विचारलं तर तेवढं उत्तर द्यायचे. त्यांना शारजाच्या विमानतळावर सोडायला सुहासला सुट्टी मिळेना. मी दोघा-तिघांना फोन केले. प्रत्येकाला काही ना काही काम होतं. टॅक्सी बोलवावी म्हणून मी फोन हातात घेतला, तर खाली दत्तारामची व्हॅन येऊन उभी राहिली. त्याला कोणी सांगितलं होतं ते मला आजही ठाऊक नाही.

मी गॅलरीतून बघत होते. दुपारचं रणरणतं ऊन होतं. दत्तारामने मागचं दार उघडलं, डब्यांचे रिकामे क्रेट एका बाजूला सरकवले आणि सामंतांची सुटकेस आत ठेवली. सामंत त्या क्रेटच्या शेजारी, मागेच बसायला निघाले होते. दत्तारामने त्यांचा दंड धरला, त्यांना पुढे नेलं, पुढचं दार उघडलं आणि ते बसेपर्यंत धरून ठेवलं. सामंतांनी वर बघून हात केला नाही. व्हॅन कोपऱ्यावरून वळून गेली.

संध्याकाळी दत्ताराम डबा द्यायला आला तेव्हा मी त्याला विचारलं, "काय बोलले रे वाटेत?"

"काही नाही ताई," तो म्हणाला. "मी विचारलं, एसी जास्त होतोय का. ते हो म्हणाले. मग मी कमी केला."

त्याने डबा माझ्या हातात दिला आणि तो पुढच्या दाराची बेल वाजवायला वळला.